आमच्या रक्तात शिसं कुठून येणार?

३ मार्च

ही वही मेहुण्याने माझ्या गळ्यात मारली आहे. तो डॉक्टर आहे. निदान बायकोच्या माहेरी तसं मानतात. पोटात कळ कधी येते, त्याआधी काय खाल्लं, झोप कशी लागली, हे रोज लिहायचं आणि त्याला दाखवायचं. आज पहाटे कळ आली. काल रात्री नुसता भात खाल्ला होता. झालं त्याचं काम. उरलेली पानं माझी.

आज अकादमीच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं. 'राष्ट्रीय विज्ञान अकादमी' यातला मधला शब्द तेवढा बरोबर झाकला गेलाय. पहारेकरी धावत आला आणि म्हणाला, "साहेब, मी झोपलो नव्हतो." मी विचारलंही नव्हतं.

कारण तेच, भट्टीगल्लीचं निवेदन. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या त्या गल्लीत आहेत, आणि तिथेच एक शाळा आहे. पोरं आजारी पडतात अशी ओरड झाली. नगरपालिकेने आम्हाला विचारलं, आम्ही रक्त तपासलं आणि निवेदन काढलं: गल्लीतल्या लोकांच्या रक्तातलं शिसं इतरांपेक्षा जास्त नाही, काळजीचं कारण नाही. खाली सचिव म्हणून माझी सही. देशातल्या सगळ्यात मोठ्या विज्ञानसंस्थेने एखादी गोष्ट सांगितली तर माणसाने ऐकावी की नाही? पण नाही. यांना उत्तर नको असतं, स्वतःचंच उत्तर आमच्या तोंडून हवं असतं.

या सगळ्यात अकराचा चहा तेवढा मनासारखा होतो. संस्थापकांच्या काळापासून तांब्याच्या मोठ्या बंबात लिंबू घालून बिनदुधाचा चहा उकळतो, आणि अध्यक्षांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याच तोटीखाली पेला धरतात. गेल्या वर्षी काही दीडशहाण्यांनी बंब मोडीत काढून विजेचं यंत्र आणायचा घाट घातला होता. मी एकटा भांडलो. बंब स्वतः नेऊन आतून नवी कल्हई करून आणली. कल्हईवाल्याला बजावलं होतं, आत तोंड दिसलं पाहिजे. दिसतं. तेव्हापासून चहा दिवसभर मंद आचेवर असतो आणि माझ्याइतका कुणी पीत नाही.

६ मार्च

दर शुक्रवारी अकादमीचा 'खुला तास' असतो. कुणीही यावं, काहीही विचारावं, आम्ही उत्तर द्यावं. विज्ञान आणि जनता यांच्यातला पूल, असं आमच्या पत्रकात छापलंय. या पुलावरून माणसं एकाच बाजूने येतात आणि येताना दगड घेऊन येतात.

आज भट्टीगल्लीच्या शाळेतल्या बाई आल्या. तिसरीला शिकवतात. याआधीही आल्या होत्या. छत्री मांडीवर आडवी धरून, हलायचं नाही असं ठरवून बसतात.

"साहेब, तुमचं निवेदन मी पुन्हा पुन्हा वाचलं," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना पाढे पाठ होते ती आता विसरतात. चिडतात, एकमेकांना मारतात, पोट धरून बसतात. त्याचं काय?"

"बाई, पाढे विसरणं हा पुरावा नव्हे. काल मी आमच्या टंकलेखिकेचं नाव विसरलो. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसते. मग माझ्याही रक्तात शिसं आहे म्हणायचं का?"

खोलीतले दोघे-तिघे हसले. बाई हसल्या नाहीत. "आणि चिडचिड?"

"चिडचिड माणसाला माणसांमुळे होते."

"आमची मुलं पाहिलीत का तुम्ही?"

"त्यांचं रक्त पाहिलं."

त्यांनी छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "दोन एप्रिलला नगरपालिकेची सभा आहे. भट्ट्यांना कायमचा परवाना द्यायचा की त्या गावाबाहेर हलवायच्या, ते तिथे ठरणार. कुणाकडेही गेलं तरी ते तुमच्या कागदाकडे बोट दाखवतात. एकदा परवाना मिळाला की मग कोण हलवतंय?"

"मग कागद चांगला निघालाय याचा आनंद माना."

त्या उठल्या. "साहेब, मला तुमचं पटत नाही. पण तुमच्याशिवाय विचारायचं तरी कुणाला?"

इतकं उद्धट वाक्य इतक्या मऊ आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी पुन्हा कळ आली. दुपारी काही खाल्लं नव्हतं, फक्त चहा.

९ मार्च

टाचणी आली होती. ही आमची अभ्यासवृत्ती मिळवलेली तरुण संशोधक. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून मी मनातल्या मनात तिला टाचणी म्हणतो. तिला निवडली मी, यंत्र दिलं, खोली दिली. भट्टीगल्लीचं रक्त तपासायचं काम तिनेच केलं. अकराच्या चहाला मात्र येत नाही. "आंबट चहा सोसत नाही, सर." आमच्याच हाताखाली वाढायचं आणि आमच्याच बंबाला नाक मुरडायचं.

तिचं म्हणणं लिहून ठेवतो, म्हणजे ते किती पोरकट आहे हे पुढे कुणाला तरी कळेल. गल्लीतल्या लोकांशी तुलना करायला निरोगी माणसांचं रक्त लागतं. भट्टीपासून लांब राहणारी, खाऊन-पिऊन सुखी माणसं म्हणून आम्ही अकादमीच्याच कर्मचाऱ्यांचं रक्त घेतलं. मीही दिलं. यंत्राने आमच्या रक्तातही गल्लीतल्याइतकंच शिसं दाखवलं. आता आमच्या रक्तात शिसं कुठून येणार? म्हणजे यंत्रच वाढवून दाखवतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. जेवढं आमच्या रक्तात दिसलं तेवढं मी सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायला लावलं. गल्लीच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरलं नाही. आमच्यातला एकच नमुना पार स्वच्छ निघाला होता. तो खराब झाला असणार म्हणून समितीने वगळला. समिती म्हणजे मीच.

"सर, तो वगळलेला नमुना माझा होता," टाचणी आज म्हणाली.

"मग तू तो नीट घेतला नसशील."

"किंवा यंत्र बरोबर आहे. म्हणजे मी स्वच्छ आहे, आणि बाकीचे तुम्ही सगळे..."

"आम्ही सगळे काय?"

"पुन्हा रक्त घेऊ या का, सर? फक्त आपल्या लोकांचं."

मी तिला समजावलं. सभा तोंडावर आलेली असताना अकादमी स्वतःच्याच कामावर शंका घेतेय असं दिसलं, तर लोक उद्या लशीवर शंका घेतील, परवा पृथ्वी गोल असण्यावर. आत्ता आपण चुकलो म्हटलं तर विश्वास कुठे राहील? शिवाय तिची अभ्यासवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही याचा शेरा मला याच महिन्यात लिहायचाय, हेही सहज आठवण म्हणून सांगितलं. ती कागद गोळा करून गेली. टाचण्या वाकतात, वेळ लागतो.

११ मार्च

वर्षभरात या संस्थेची रयाच गेली आहे. ग्रंथपाल पुस्तकं भलत्याच कपाटात लावतात आणि विचारलं की अंगावर येतात. टंकलेखिकेचं डोकं रोज दुखतं. आज दोन वयस्क शास्त्रज्ञ खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून हातघाईवर आले. मी त्यांना चहा पाजून शांत केलं. लोकांचा आमच्यावर विश्वास नाही याचं नवल नाही. आमचाच एकमेकांवर नाही.

१३ मार्च

जेवताना तोंडाला लोखंडाची चव येते. मी हिला म्हटलं, कढई नीट घासत नाहीस.

"कढई तुमच्या आईच्या वेळची आहे," ही म्हणाली. "मला नाही काही लागत."

म्हणजे मी खोटारडा. मी ताट सरकवलं. जरा जोरात सरकलं आणि भिंतीपर्यंत गेलं. भिंत पुसता पुसता ही म्हणाली, "अहो, तुमची जीभ पहिल्यापासून तिखट आहे, पण भांडी कधी फेकली नव्हतीत." सरकवणं आणि फेकणं यातला फरक या घरात कुणाला समजत नाही.

बँकेने चेक परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे. उजवं मनगट हल्ली जड झालंय, लिहिताना खाली पडतं. वयाने होतं. बँकेतल्या त्या शहाण्याला मी सांगितलं, "सही बदललेली नाही, तुमची नजर बिघडली आहे."

१७ मार्च

अध्यक्ष आले. यांना मी उद्घाटक म्हणतो, कारण निम्मा महिना ते कुठेतरी फीत कापत असतात. परवापासून आमचा 'विश्वास सप्ताह' सुरू होतोय, आणि यांच्या हौसेखातर तो सप्ताह महिनाअखेरपर्यंत चालणार आहे. विज्ञानावर लोकांचा भरवसा वाढावा म्हणून व्याख्यानं आणि चौकाचौकात फलक. फलकावर हसणारं कुटुंब आणि खाली ठळक अक्षरात 'आम्ही तपासलंय'. भट्टीगल्लीतला फलक लावल्याबरोबर फाटला.

"सचिवसाहेब, निवेदन कायम आहे असं नगरपालिकेला एक पत्र देऊन टाका," उद्घाटक म्हणाले. "तरुण मंडळींत काही कुरबुर आहे असं कानावर आलं."

"कुरबुर कसली, एक टाचणी आहे."

"मग टोचायच्या आत काढून ठेवा," असं म्हणून ते फीत कापायला गेले.

पत्र तयार केलं. सही काही केल्या माझ्या सहीसारखी येईना. शेवटी टंकलेखिकेने सहीचा रबरी शिक्का मारला. शिक्का माझ्यापेक्षा चांगली सही करतो.

२० मार्च

टाचणीला बंबाजवळ पकडली. आंबट चहा न सोसणारी ही बया तोटीखाली बाटली धरून उभी.

"आज सोसतोय वाटतं?"

"प्यायला नाही, सर. तपासायला."

मग मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. बंब संस्थापकांचा आहे, तुझ्या बापाचा नाही, हे नक्की बोललो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हेही. ग्रंथपाल मला धरून खुर्चीत बसवत होते. बाटली तिने नेलीच.

खोलीत येऊन शेरा लिहिला. संस्थेशी निष्ठा नाही, कामात शिस्त नाही, अभ्यासवृत्ती पुढे चालू ठेवू नये. उजवं मनगट डाव्या हाताने धरून लिहिलं. अक्षर वाईट आलं, मजकूर उत्तम आला. लगेच उद्घाटकांकडे पाठवून दिला.

२२ मार्च

विश्वास सप्ताहात आज माझं व्याख्यान होतं. सभागृह निम्मं रिकामं, आणि भरलेल्या अर्ध्यात भट्टीगल्ली. विषय: पुराव्यावर विश्वास का ठेवावा. सुरुवात झकास झाली. मग मी म्हणालो, "विज्ञानाला फक्त एकच गोष्ट कळते, आणि ती म्हणजे..." आणि शब्दच आठवेना. पुरावा हा शब्द! मागच्या भिंतीवर माझ्या विषयाचा फलक लावला होता, पण माझी त्याकडे पाठ. समोरून कुणीतरी ओरडलं, "पैसा!" हशा झाला. शाळेच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे, वर्गातल्या पोराकडे बघावं तसं बघत होत्या. त्या बघण्याचा मला संताप आला.

२४ मार्च

टाचणी अकराच्या चहाला आली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, चहात शिसं आहे. पुष्कळ आहे. सकाळी ताजा असतो तेव्हा कमी, आणि लिंबू घालून संध्याकाळपर्यंत उकळला की कितीतरी जास्त. आंबट चहा आतली कल्हई खातोय. ती कल्हई निव्वळ कथलाची नाही."

ग्रंथपालांनी पेला खाली ठेवला. मग टंकलेखिकेने. मग एकेकाने. वर्षानुवर्षं एका तोटीखाली पेले धरलेली माणसं, आणि एका पोरीच्या एका वाक्यावर सगळी पलटली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काठोकाठ पेला भरून घेतला आणि म्हणालो, "हा घ्या पुरावा." शब्द आज बरोबर आठवला.

अर्धा प्यायलो आणि हात पालथा झाला. मी बोटं आवळली होती. म्हणजे मनात आवळली होती, हातापर्यंत ते पोचलंच नाही. पेला फुटला, चहा टाचणीच्या पायावर उडाला. तिने खाली पाहिलं नाही. ती माझ्या मनगटाकडे पाहत होती.

"सर, हात असा पुढे करा," ती हळू आवाजात म्हणाली. "आता पंजा वर करा. बोटं छताकडे."

मी तिला चालती हो म्हणालो. हात टेबलाखाली ठेवून म्हणालो.

२५ मार्च

हिने मेहुण्याला बोलावून घेतलं. त्याने ही वही मागितली. ही वही आता कुणाला दाखवण्यासारखी राहिलेली नाही, म्हणून तोंडी सांगितलं.

"भाऊजी, तोंडाला धातूची चव कधीपासून येते?"

"तुझ्या बहिणीने चहाडी केली वाटतं."

"हात पुढे करा. पंजा वर करा."

काल टाचणी, आज हा. हात पुढे गेला, पंजा तसाच लोंबत राहिला. लग्नात बूट लपवल्यापासून हा माणूस माझ्याशी कधी थट्टेशिवाय बोललेला नाही. आज थट्टा केली नाही. रक्त घेतलं आणि गेला. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून हिच्यावर ओरडलो.

२८ मार्च

आकडा आला. टाचणीच्या यंत्रावरचा नाही, मेहुण्याच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतला. मी पुन्हा तपासायला लावला. पुन्हा तोच. भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या रक्तात असावं तेवढं शिसं माझ्या रक्तात आहे.

"पोटातली कळ, तोंडाची चव, विसरणं, मनगट, चिडचिड," मेहुणा म्हणाला. "सगळं त्याचंच, भाऊजी."

"चिडचिडही?" मी हिच्याकडे वळलो. "ऐकलंस? ते शिसं होतं."

"थोडं शिसं होतं," ही म्हणाली. "बाकीचं मी लग्नापासून ओळखते."

दुपारी कल्हईवाल्याकडे गेलो. भांडायलाच गेलो. त्याचं दुकान भट्टीगल्लीच्या तोंडाशी आहे. गेल्या वर्षी बंब घेऊन आलो होतो तेव्हा गाडीची काच वर करून बसलो होतो, धूर नको म्हणून.

"साहेब, आत तोंड दिसलं पाहिजे असं तुम्हीच म्हणालात," तो म्हणाला. "नुसतं कथील तसं पसरत नाही. भट्टीवाल्यांकडची शिशाची कांडी मिसळली की छान बसतं. इथं सगळेच मिसळतात. आमच्या घरची भांडी पण त्याचीच आहेत."

त्याच्या मागे फळीवर ती भांडी होती, लखलखीत. मी तसाच पुढे गल्लीत गेलो. निवेदन काढलं तेव्हा मी इथे आलो नव्हतो. रक्त आमच्याकडे आलं होतं. भट्टीची मागची भिंत तीच शाळेची भिंत. मैदानातली धूळ राखेच्या रंगाची, आणि पोरं त्या धुळीत बसून हाताने डबे खात होती. जिभेवर तीच लोखंडाची चव आली. आज मी चहा प्यायलो नव्हतो.

३० मार्च

उद्घाटकांना फोन केला. निवेदन मागे घ्यायला हवं. आपण स्वतःलाच निरोगी धरलं आणि यंत्राला खोटं पाडलं.

"तुमची तब्येत बरी नाही, रजा घ्या," ते म्हणाले. "सावकाश विचार करू. समिती नेमू."

"सभा तोंडावर आली आहे."

"अहो, विश्वास सप्ताह चालू आहे. आत्ता आपण चुकलो म्हटलं तर विश्वास कुठे राहील?"

हे वाक्य माझंच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना शिसारी आली.

माघारीचं पत्र मी स्वतः लिहिलं आणि नगरपालिकेत पोचवलं. सहीचा शिक्का उद्घाटकांनी कपाटात बंद करायला लावलाय, म्हणून सही हाताने केली. मग टाचणीवरचा शेरा रद्द करायला गेलो तर कळलं, अभ्यासवृत्ती कालच बंद झाली. माझ्या शेऱ्यावर या संस्थेत पहिल्यांदाच कुणी इतक्या लवकर काम केलं असेल. तिच्या खोलीत गेलो. ती यंत्रावर कापड घालत होती.

"माफी मागायला आलात का, सर?"

"नाही. मदत मागायला."

"ते बरं केलंत," ती म्हणाली. "माफीचं मी काय करणार होते?"

१ एप्रिल

नगरपालिकेने पत्र परत पाठवलं. सचिवांची सही आधीच्या पत्रावरच्या सहीशी जुळत नाही, सबब हे पत्र आंदोलकांनी बनवलं असल्याचा संशय आहे, सभा मूळ निवेदन धरूनच चालेल. मी उद्घाटकांना फोन लावत राहिलो. त्यांनी उचलला नाही. मरो.

२ एप्रिल

मेहुण्याने जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. गेलो. हिने माझा डावा दंड धरला होता, टाचणी कागद घेऊन मागे. मला पाहताच शिट्ट्या सुरू झाल्या. "आला रे आला, काळजीचं कारण नाही!" कुणीतरी ओरडलं. तिकडे मला याच नावाने ओळखतात असं दिसतं. शाळेच्या बाई पुढच्या रांगेत, छत्री मांडीवर आडवी.

नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरली. "ही सही तुमची आणि हीही तुमचीच? जुळवून दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले आणि पंजे वर करायला गेलो. डावा वर गेला. उजवा लोंबला.

"पहिला शिक्का आहे, दुसरी सही या हाताची आहे," मी म्हणालो. "या हातात शिसं आहे. आमच्या चहातून आलं, आणि आमच्या चहात तुमच्या गल्लीतून. आम्ही तुमच्या रक्ताची आमच्या रक्ताशी तुलना केली आणि आमचं शुद्धच असणार असं धरून चाललो. यंत्र खरं बोलत होतं. आमचं निवेदन चूक आहे."

"आत्ता सुचलं का?" मागून एक बाई किंचाळली. "स्वतःच्या अंगावर आलं तेव्हा?"

"हो," मी म्हणालो. "तेव्हाच."

दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग शिव्या आल्या. मी आयुष्यभर शिव्या देणारा माणूस, त्यातल्या काही किती नेमक्या होत्या हे मला कळत होतं. मुख्याधिकारी टेबल आपटत राहिले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून भट्टीवरचा एक कामगार उठला. त्याने हात पुढे केला. पंजा माझ्यासारखाच लोंबत होता. मग त्याच्या शेजारच्याने केला. हळूहळू ओरडा थांबला, आणि मी समोरून, ते मागून, हात तसेच धरून एकमेकांकडे बघत राहिलो. मेहुण्याच्या वहीत हे कुठल्या रकान्यात बसतं मला माहीत नाही.

परवाना नामंजूर झाला. भट्ट्या गावाबाहेर जाणार. बाहेर पडताना कुणीतरी बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर फेकलं. "चला, पाणीच आहे," ही म्हणाली आणि पदराने पुसलं.

२१ मे

सचिवपद गेलं. बंब काचेच्या कपाटात गेला. टाचणीला अकादमीने परत घेतलं नाही. गल्लीतल्या मुलांच्या तपासणीसाठी नगरपालिकेने घेतलं. त्या तपासणीचं उद्घाटन उद्घाटकांनी केलं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. हिने ही म्हण माझ्यासाठी राखून ठेवली आहे, पण आज मी ती त्यांना देतो.

औषधाने रक्तातलं शिसं उतरतंय. आज सकाळी पंजा पहिल्यांदा वर आला. थरथरत आला, पण आला. ही बघत होती, तिला रडू आलं, आणि मी चक्क गप्प बसलो.

दुपारी शाळेच्या बाई घरी आल्या. मी पाण्याचा पेला उजव्या हाताने धरून त्यांच्यापुढे केला. थोडी शान मारायची होती. त्यांच्या लक्षात आलं.

"बरा झाला की हात."

"होतोय. पूर्ण सुधारेल म्हणतात."

"आणि विसरणं?"

"पुष्कळ कमी आहे. टंकलेखिकेचं नाव आठवतं."

त्यांनी पेला तसाच धरून ठेवला. "मुलांच्या रक्तातलं शिसंही आता उतरायला लागलंय. तुमच्या त्या मॅडमनी आकडे दाखवले मला. मग त्यांचंही तुमच्यासारखंच होईल ना? पाढे परत येतील?"

अशा प्रश्नांना द्यायची उत्तरं मला झोपेतही येतात. आत्ताच काही सांगता येणार नाही. अजून अभ्यास व्हायला हवा. प्रत्येक मूल वेगळं असतं. खुल्या तासाला मी हीच उत्तरं वाटत आलो.

"नाही," मी म्हणालो. "सगळ्यांचे नाही येणार. मोठ्या माणसाचं बरंचसं भरून निघतं. लहानपणी डोक्यातलं जे जातं, ते रक्त स्वच्छ झालं तरी परत येत नाही. नवीन जायचं थांबेल, एवढंच."

मला वाटलं, पेला फेकून मारतील. मारावा असंही वाटलं. त्यांनी पाणी संपवलं, पेला नीट खाली ठेवला आणि छत्री उचलली.

"साहेब," दारातून त्या म्हणाल्या, "आज तुमचं पटलं."